सुटलेल्या झेलाला नाव ठेवू नका

प्रति,
अमेरिकेत राहणाऱ्या आणि आपल्या मुलामुलींना लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळायला पाठवणाऱ्या सर्व मराठी आईवडिलांस,

सप्रेम नमस्कार.

बोस्टनच्या पश्चिमेला असलेल्या एका गावात गेले सात हंगाम मी मुलांच्या बेसबॉल सामन्यांची गुणवही लिहितो. मी स्वतः हा खेळ कधी खेळलो नाही. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलो, इथे आल्यावर मुलाच्या निमित्ताने मैदानावर जाऊन बसू लागलो, आणि एके शनिवारी कोणी तरी हातात वही आणि पेन्सिल दिली, ती आजतागायत हातात आहे. मुलगा आता कॉलेजला आहे, तरीही मी जातो, कारण ह्या खेळाने आणि त्याच्या नोंदींनी मला धरून ठेवले आहे.

हे पत्र लिहिण्याचे कारण गेल्या मे महिन्यातला एक सामना. अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा सामना सहा डावांचा असतो; सहाव्या डावाअखेर बरोबरी झाली आणि सामना सातव्यात गेला. त्या जादा डावात आपल्यापैकीच एका घरातला मुलगा मधल्या मैदानात, म्हणजे सेंटर फील्डला, उभा होता. उंच गेलेल्या चेंडूखाली तो वेळेवर पोहोचला, त्याने हात वर केला, चेंडू ग्लोव्हच्या तळहातावर आपटला आणि गवतात पडला. दोन धावा गेल्या आणि सामनाही गेला. मी वहीत ‘ई-८’ असे लिहिले, म्हणजे चूक, आठव्या क्रमांकाच्या क्षेत्ररक्षकाची. त्या रात्री पालकांच्या मराठी ग्रुपवर बारा सेकंदांचा एक व्हिडिओ फिरला आणि त्याखाली तीन शब्द होते: ‘ह्याच्यामुळे मॅच गेली.’ पुढच्या दोन सरावांना तो मुलगा आला नाही.

ज्यांनी तो व्हिडिओ पाठवला, त्यांच्याविषयी मला तक्रार करायची नाही. तो पाठवताना त्यांच्या मनात वाईट काही नसेल आणि त्यांनी तो नंतर काढूनही टाकला असेल. मला तुम्हां सर्वांसमोर मांडायचा आहे तो दुसरा एक सुटलेला झेल, जो आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या फेनवे पार्कवर १६ ऑक्टोबर १९१२ रोजी सुटला. तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना ते मैदान दाखवलेले आहे. त्या झेलाला लोकांनी जे नाव ठेवले, ते एका माणसाला मरेपर्यंत चिकटून राहिले, आणि ते नाव खोटे होते, असे मी त्या सामन्याची गुणपत्रिका ओळीओळीने वाचून म्हणतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये फेनवे पार्क नुकतेच उघडले होते. बोस्टन रेड सॉक्सने त्या हंगामात १०५ सामने जिंकले होते, न्यूयॉर्क जायंट्सने १०३. वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाचा विजेता ठरवणारी अंतिम मालिका, चार विजयांची असल्यामुळे जास्तीत जास्त सात सामन्यांत संपायला हवी होती. पण दुसरा सामना अकरा डाव चालून ६-६ अशा बरोबरीत असताना अंधार पडला आणि, मैदानावर दिवे नसल्याच्या त्या काळात, तो तसाच सोडून द्यावा लागला. म्हणून सात सामन्यांनंतर दोन्ही संघांचे तीन-तीन विजय झाले आणि आठवा सामना खेळवावा लागला. बोस्टनचे सर्वांत निष्ठावान पाठीराखे, ज्यांना ‘रॉयल रूटर्स’ म्हणत, त्यांच्या नेहमीच्या जागा आदल्या दिवशी दुसऱ्यांना विकल्या गेल्या होत्या; त्यावरून मैदानात गोंधळ झाला, घोडेस्वार पोलिसांना उतरावे लागले, आणि रागावलेले शहर दुसऱ्या दिवशी घरीच बसले. सातव्या सामन्याला बत्तीस हजारांवर माणसे होती. निकालाच्या ह्या आठव्या सामन्याला आली फक्त १७,०३४.

न्यूयॉर्ककडून चेंडू टाकत होता क्रिस्टी मॅथ्यूसन. त्याच्याविषयी एकच आकडा सांगतो. त्या संपूर्ण हंगामात त्याने ३१० डाव चेंडू टाकले आणि केवळ ३४ वेळा फलंदाजाला चार बॉलांवर, म्हणजे नेमक्या पट्ट्याबाहेर पडलेल्या चार चेंडूंवर, फुकटचा बेस दिला. त्याच्या हातून चेंडू भरकटत नसे, हीच त्याची ख्याती होती. बोस्टनकडून होता ह्यू बेडिएंट, वय बावीस, पहिलाच हंगाम. तिसऱ्या डावात रेड मरेच्या फटक्यावर जॉश डेव्होर घरी आला, म्हणजे सगळे बेस फिरून पूर्ण फेरी करून परतला, आणि जायंट्सची एक धाव झाली. पाचव्या डावात जायंट्सच्या लॅरी डॉयलने उजवीकडे असा काही चेंडू मारला, की तो प्रेक्षकांत जाऊन पडणार हे मैदानातल्या प्रत्येकाने धरून चालले होते. पण बोस्टनचा हॅरी हूपर पाठमोरा धावत गेला, त्याने उघड्या हाताने तो चेंडू हवेतच पकडला आणि तोल जाऊन तो प्रेक्षकांमध्ये कोसळला. जायंट्सचे म्हणणे होते, की तो मैदानाबाहेर गेला. पंचांनी झेल धरला. ती एक धाव तेव्हा झाली असती, तर पुढचा दहावा डाव बहुधा घडलाच नसता आणि आज मी हे पत्र लिहीत बसलो नसतो. सातव्या डावात बोस्टनच्या स्टालने उंच मारलेला साधासा चेंडू तीन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडला, कारण तिघांनीही तो दुसऱ्याचा समजला. मग वॅगनरला फुकटचा बेस मिळाला, आणि बदली फलंदाज म्हणून आलेल्या ओलाफ हेन्रिक्सनचा फटका तिसऱ्या बेसच्या पिशवीला लागून वाकडा उडाला. १-१. ह्या साऱ्यात न्यूयॉर्कच्या कोणाच्याही नावावर चूक लागली नाही. हे लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे, कारण पुढे त्याचे काम आहे.

नऊ डावांअखेर बरोबरी राहिली आणि दहावा सुरू झाला. बोस्टनने आठव्या डावापासून चेंडू टाकायला जो वुडला आणले होते, ज्याने त्या हंगामात ३४ सामने जिंकून फक्त पाच गमावले होते. तरीही रेड मरेने त्याला दोन बेसांचा फटका मारला आणि पाठोपाठ फ्रेड मर्कलने एक बेसचा फटका मारून मरेला घरी आणले. २-१.

मर्कलविषयी इथे थांबायलाच हवे. चार वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १९०८ रोजी, एकोणीस वर्षांचा असताना, विजयाची धाव होताना पाहून तो दुसऱ्या बेसला पाय न लावता तंबूकडे वळला होता. त्यामुळे तो बाद ठरला, सामना बरोबरीत धरला गेला, हंगामाच्या शेवटी तो पुन्हा खेळावा लागला आणि शिकागोने तो जिंकून जायंट्सना मागे टाकले. तेव्हापासून ‘मर्कलची घोडचूक’ हे शब्द त्याच्या नावाला जोडले गेले होते. १९१२ च्या ऑक्टोबरात, दहाव्या डावाच्या पहिल्या अर्ध्यात, तो बेसवर उभा असताना जायंट्स विश्वविजेतेपदापासून केवळ तीन बादांच्या अंतरावर होते आणि तो फटका त्याचा होता. त्या काही मिनिटांत त्याच्या मनात काय आले असेल, ह्याचा विचार मी अनेकदा करतो.

मग बोस्टनचा अर्धा डाव. न्यूयॉर्कच्या मायर्सचा जोरदार फटका हाताला लागल्याने वुड जायबंदी झाला होता, म्हणून त्याच्याऐवजी क्लाइड एंगल फलंदाजीला आला. त्याने डाव्या आणि मधल्या मैदानाच्या मध्ये उंच चेंडू मारला. सेंटर फील्डर फ्रेड स्नॉडग्रास तीन दिवसांनी पंचवीस वर्षांचा होणार होता. त्याने हाक दिली, तो चेंडूखाली आला, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हमधून निसटला. एंगल दुसऱ्या बेसवर पोहोचला. हाच तो झेल.

पुढचा चेंडू मात्र फारसा कोणी सांगत नाही. हॅरी हूपरने, पाचव्या डावात तो अचाट झेल घेणाऱ्यानेच, खोलवर सणसणीत फटका मारला, आणि त्याच स्नॉडग्रासने, ज्याच्या हातातून काही क्षणांपूर्वी चेंडू पडला होता, लांब धाव घेऊन तो पकडला. सामन्याच्या सर्वांत अवघड झेलांपैकी तो एक होता. चोवीस वर्षांचा तो मुलगा, सतरा हजारांचा गोंगाट कानांत, हातातून नुकताच एक चेंडू निसटलेला, आणि तरी पाय पुढे टाकायला क्षणभरही थबकला नाही. आपल्या मुलांना एखादी गोष्ट दाखवायची असेल, तर मी ही दाखवीन.

एक बाद. अजून न्यूयॉर्क एका धावेने पुढेच होते. मग ज्याने संपूर्ण हंगामात ३४ फुकटचे बेस दिले, त्या मॅथ्यूसनने स्टीव्ह यर्क्सला चार बॉल देऊन पहिल्या बेसवर पाठवले. विजयाची धाव मैदानात आली ती अशी. नंतर ट्रिस स्पीकर आला. त्याने चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला, फाऊल रेषेबाहेर, उंच उडवला. शाळकरी मुलानेही पकडावा असा. पहिल्या बेसवर मर्कल होता, तोच सर्वांत जवळ. पिचर मॅथ्यूसन तिकडे धावला आणि कॅचर मायर्सही. बहुतेक वर्णनांत असे येते, की मॅथ्यूसनने मायर्सच्या नावाने हाक दिली, त्यामुळे मर्कल थांबला, आणि मायर्सला मात्र पोहोचता आले नाही. चेंडू तिघांच्या मध्ये जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या स्पीकरने पुढे उजवीकडे फटका मारला, एंगल घरी आला आणि बरोबरी झाली. डफी लुइसला जाणूनबुजून चार बॉल टाकून पहिल्या बेसवर पाठवले गेले. मग लॅरी गार्डनरने उजव्या मैदानात उंच चेंडू मारला. झेल पकडला गेला, दुसरा बाद झाला, पण यर्क्स तिसऱ्या बेसवरून धावत घरी पोहोचला. ३-२. सामना संपला, सिरीज संपली.

आता एका गुणलेखकाच्या नात्याने वहीत काय उतरले, ते सांगतो. एंगलचा चेंडू स्नॉडग्रासच्या ग्लोव्हला लागला, म्हणून त्याच्या नावावर चूक, ई-८. हूपरचा फटका त्याने झेलला. त्यापुढे नुसता एक बाद, जसा हातात येऊन पडणाऱ्या सोप्या झेलापुढे लिहितात तसाच. धावण्याचे अंतर, चेंडूचा वेग, मागे नुकतेच काय घडले होते, हे लिहायला वहीत रकानाच नाही. यर्क्सचे चार बॉल मॅथ्यूसनच्या खात्यावर पडले, पण चूक म्हणून नव्हे. आणि स्पीकरचा तो फाऊल? त्याला कोणाचा हातच लागला नाही, म्हणून वहीत काहीही नाही. एकही चूक नाही. गुणलेखनात बहुधा असे होते, की चेंडूला हात लावून जो सोडतो त्याचे नाव लिहिले जाते. तीन माणसे एकमेकांकडे पाहत उभी राहिली आणि चेंडू मधोमध पडला, तर पान सहसा कोरे राहते. सातव्या डावातला स्टालचा चेंडूही असाच पडला होता, तेव्हाही पान कोरे. ही रीत वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. कोणाच्या मनात काय गोंधळ झाला, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते, आणि ते योग्यच आहे. पण पालकांनो, वहीतली चूक म्हणजे पराभवाचे कारण नव्हे. ती बहुधा हात कोणाचा लागला, एवढेच सांगते. जो मुलगा चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर सहसा चूक लागत नाही. जो धावून पोहोचतो त्याच्या नावावर लागते. मी हे सात हंगाम पाहतो आहे.

त्या एका झेलाचे वजन खरोखर किती होते, हे मोजायलाही आज एक मार्ग आहे. २०२० पासून मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, नियमित हंगामातल्या सामन्यांत जादा डाव सुरू होताना फलंदाजी करणाऱ्या संघाचा एक धावपटू नियमानेच दुसऱ्या बेसवर उभा केला जातो; बाद फेरीत हा नियम नाही. म्हणजे स्नॉडग्रासच्या हातून चेंडू सुटल्यावर एंगल जिथे पोहोचला, नेमक्या त्याच जागी, शून्य बाद असताना, आता प्रत्येक जादा डावात, कोणाच्याही चुकीशिवाय, एक धावपटू असतो. तुम्ही मुलांबरोबर असे सामने टीव्हीवर पाहिले आहेत. कित्येकदा तो धावपटू तिथेच राहतो, डाव संपतो आणि खेळ पुढे जातो. दुसऱ्या बेसवरच्या एका माणसाने सामना संपत असता, तर अकराव्या डावाला कोणी बसलेच नसते. स्नॉडग्रासच्या चुकीने बोस्टनला दारापर्यंत आणले. दार उघडले ते पुढच्या पाच-सहा हातांनी, आणि त्यांतले काही हात बोस्टनचेच होते, ज्यांनी चांगला खेळ केला. हेही आपण विसरतो. पराभवाचे खापर फोडताना जिंकणाऱ्यांचे कर्तृत्व पुसले जाते. स्पीकरचा तो फटका चांगलाच होता.

तरीही दुसऱ्या दिवसापासून त्या झेलाला नाव मिळाले: ‘तीस हजार डॉलरांची चूक’. विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला सुमारे ४,०२४ डॉलर मिळाले, हरलेल्यांना सुमारे २,५६६. दोन्ही संघांच्या वाट्यांतला फरक सगळा मिळून जवळजवळ तीस हजारांचा होतो, आणि ती सगळी रक्कम एका तरुणाच्या ग्लोव्हमध्ये कोंबली गेली. मराठीत ‘नाव ठेवणे’ ह्याचे दोन अर्थ आहेत, बाळाला नाव देणे आणि एखाद्याला दूषण देणे, आणि ह्या प्रसंगात दोन्ही एकाच वेळी घडले. ह्याच मैदानावर दुसऱ्या प्रकारचे नावही पाहायला मिळत असे. डाव्या मैदानात तेव्हा भिंतीकडे चढत जाणारा मातीचा उतार होता आणि त्या उतारावर धावून झेल घेण्यात पारंगत झालेल्या डफी लुइसच्या कौतुकासाठी लोक त्या चढाला ‘डफीचा कडा’ म्हणत. १९३०च्या दशकात मैदान नव्याने बांधताना तो चढ बराच सपाट केला गेला, आणि ते नाव आता जाणत्यांच्या बोलण्यातच उरले आहे. स्नॉडग्रासचे मात्र तसे झाले नाही.

त्याच्या संघाचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ हे कडक शिस्तीचे आणि तापट म्हणून प्रसिद्ध. त्यांनी स्नॉडग्रासला कधी दोष दिला नाही. उलट पुढच्या वर्षी त्याचे वेतन वाढवले. त्यांना सामना कुठे गेला हे कळत होते, कारण त्यांनी तो सगळा पाहिला होता. स्नॉडग्रास आणखी चार वर्षे खेळला, त्यांतला शेवटचा काळ बोस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून, ब्रेव्ह्जकडून. खेळ सोडल्यावर तो कॅलिफोर्नियात स्थिरावला, व्यवसाय केला, शेती केली, ऑक्सनार्ड शहराचा महापौर झाला. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ५ एप्रिल १९७४ रोजी, व्हेंच्युरा गावी त्याचे निधन झाले. त्याच्या निधनाची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने दिली, तेव्हा मथळ्यात नाव होते, वय होते, आणि १९१२ साली त्याने झेल सोडला, एवढेच होते. साडेएकसष्ट वर्षांचे आयुष्य मध्ये गेले होते. महापौरपद मथळ्यात नव्हते, आणि हूपरच्या फटक्यावर त्याने घेतलेला झेलही नव्हता.

मला माहीत आहे, कोणी म्हणेल की ती जुनी गोष्ट झाली. बोस्टनमध्ये राहणाऱ्यांना मी आणखी एक तारीख आठवून देतो, २५ ऑक्टोबर १९८६. न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, पुन्हा दहावा डाव. रेड सॉक्स दोन धावांनी पुढे, दोन बाद, एक बाद हवा. लागोपाठ तीन फटके, मग एक चेंडू पिचरच्या हातून असा सुटला की कॅचरला अडवता आला नाही, आणि त्यावर बरोबरी झाली. हे सगळे झाल्यानंतर मूकी विल्सनचा सरपटत आलेला चेंडू बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला. बरोबरी आधीच झाली होती. शिवाय सातवा सामना बाकी होता, ज्यात बोस्टन ३-० असे पुढे असताना हरले. तरीही वीस वर्षे ह्या शहराने एकच नाव घेतले. २००८ च्या एप्रिलमध्ये बकनर फेनवेवर सामन्याचा मानाचा पहिला चेंडू टाकायला आला आणि अख्खे मैदान उभे राहिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ते पाणी यायला बावीस वर्षे लागली, आणि तो मोठा माणूस होता, वीसेक वर्षे मेजर लीगमध्ये खेळलेला. आपली मुले बारा वर्षांची आहेत.

आपल्याकडे झेल सोडणाऱ्याला काय काय ऐकावे लागते, हे आपण सगळेच जाणतो. गल्लीत ‘हाताला लोणी लावलंय का?’ असे विचारले जाई, आणि पुढच्या चेंडूपर्यंत ते विसरलेही जाई, कारण विचारणाऱ्याच्या हातूनही कधी ना कधी चेंडू सुटलेला असे. तिथे कोणी व्हिडिओ घेत नव्हते. आता बारा सेकंद कायमचे राहतात, आणि त्या बारा सेकंदांच्या आधीचे आणि नंतरचे काही त्यांत नसते. गेल्या मे महिन्यातल्या त्या सामन्यात त्या मुलाने झेल सोडला, त्याआधी फुकट दिलेले बेस आणि दुसऱ्या मुलांच्या हातून निसटलेल्या गोष्टीही माझ्या वहीत आहेत. चौथ्या डावात त्याच मुलाने दोन धावा घरी आणल्या, ज्यांच्याशिवाय सामना सातव्या डावात गेलाच नसता. तेही वहीत आहे. व्हिडिओत नाही.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. सामन्याचे चित्रण जरूर करा, आजी-आजोबांना पुण्याला, नागपूरला, पणजीला पाठवा, पण दुसऱ्याच्या मुलाची चूक ग्रुपवर टाकू नका. आपल्या मुलाचीही टाकू नका. सामन्यानंतर गाडीत बसल्यावर पहिला शब्द मुलाला बोलू द्या. तो गप्प राहिला तर घर येईपर्यंत तुम्हीही गप्प राहा. भूक लागली का, एवढे विचारलेत तरी पुरे. तो स्वतः झेलाबद्दल बोलला, तर त्याला त्यापुढचा चेंडू विचारा: पुढच्या चेंडूला तू कुठे उभा होतास? त्याला सांगा की १९१२ साली एक मुलगा पुढच्या चेंडूला धावला होता. आणि सामना कोणामुळे गेला, हा प्रश्न ग्रुपवर आलाच, तर उत्तर देण्याआधी एकदा माझ्याकडे या. कोणत्याही सामन्याची वही मी आनंदाने दाखवीन. पान भरलेले असते, एकच चौकट नसते.

प्रशिक्षकांना आणि लीगच्या कार्यकर्त्यांनाही मी ह्याबद्दल वेगळे लिहिले आहे, पण हे पत्र मराठीत तुम्हांला लिहिले, कारण ग्रुपवरचे ते तीन शब्द मराठीत होते. घरात मुलाच्या कानावर पडतात ते शब्द ह्याच भाषेतले असतात, आणि ह्याच भाषेतले त्याला जास्त लागतात.

त्या मुलाच्या आईवडिलांनाही ह्या पत्रातून सांगतो: शनिवारी सकाळी नऊला सराव आहे. मी वही घेऊन साडेआठलाच येतो. त्याला पाठवा. आठव्या क्रमांकासमोरची ओळ मी अजून कोणाच्या नावाने भरलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
संघाचा गुणलेखक